नियम चौथा

स्पर्धेचं नाव दिघ्यांनी ठेवलं : सत्तरचं दशक, मैदानावरून.
निबंध आठशे शब्दांचा, कविता तीस ओळींची,
स्वतःची, कुठेही न छापलेली.
नियम चौथा : हस्तलिखितावर नाव नको.
परीक्षक मी, कारण इंदुरात
त्या काळी चिमणबागेत खेळलेली
आणि अजून चष्म्याने का होईना वाचू शकणारी
दुसरी कुणी त्यांना सापडली नाही.

एकेचाळीस पाकिटं आली.
तेहतीस क्रिकेटची.
त्यांतल्या वीसेकांत तोच रेडिओ, तीच पानाची टपरी,
आणि प्रत्येकाचे वडील त्या दिवशी
गिरणीतून लवकर सुटलेले.
(गिरणीचा भोंगा एवढा दयाळू कधी नव्हता.)
एक कविता कुस्तीवर, यमकं सगळी चितपट.
एकाने बुद्धिबळावर लिहिलं,
त्याचा घोडा अडीच घरं चालून
थेट एकोणीसशे त्र्याऐंशीत उतरतो.
दशकाबाहेर. बाद केला, जड हाताने.

सदतिसावं पाकीट. निळी शाई.
'ळ' असा, की दोन मण्यांमध्ये मारलेली गाठ.
शाळेच्या संघाची यादी शकुन पिंपळखरे लिहायची.
माझ्या आडनावातला ळ
तिने किती वेळा काढला असेल.

उज्जैनचा अंतिम सामना, पंचाहत्तर साल,
काळी माती, तिच्यावर फिसकटलेला चुना.
ती लिहिते :
'बसलेल्या गड्याला अर्धंच मैदान दिसतं,
उरलेलं पाठीला ऐकू येतं.
मी पाचव्या चौकोनात होते.
ती मागून आली, तिचा श्वास माझ्या वेणीवर.
मी चवड्यावर उठलेच होते.
ती तशीच पुढे गेली
आणि सातवीला खो दिला.'
एका गुणाने हरलो, हे तर मलाही पाठ आहे.

'ती.' अख्ख्या निबंधात माझं नाव एवढंच.
नियम चौथा शकुनने
माझ्यासाठीसुद्धा पाळला.

आता मला आठवतं ते असं :
मी खो दिला. पाचवीलाच दिला.
इतक्या मोठ्याने, की घसा दोन दिवस बसला.
शकुन उठताना घसरली, घोट्याला पट्टी होती,
ती तिने मोज्याखाली लपवलेली.
म्हणजे दोघींपैकी एकीचं दशक खोटं.
उज्जैनच्या कुठल्या कपाटात गुणपत्रक असलंच
तर त्यात गडी बाद कधी झाला ते मिळेल.
कुणाला खो मिळाला नाही, ते कोण लिहितं?

शब्द मोजले, पेन्सिलीने, दोनदा.
आठशे चौदा.
'का, ते मी कधी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही, आणि नंतर मी रतलामला गेले.'
एवढी दोन वाक्यं काढली
तर निबंध बरोबर आठशेचा होतो.
पेन्सिल बराच वेळ हातात होती.
मग तिने मी किराण्याची यादी केली.

दिघ्यांचा फोन : 'बाई, निकाल?'
म्हटलं, सदतीस नंबर मला तपासता येणार नाही,
टोकेकर सरांकडे द्या.
'अहो, सरांना खो-खोतलं काय कळतंय?'
म्हटलं, म्हणूनच.

सरांनी उत्तेजनार्थ दिलं. शेरा :
भाषा ओघवती. शब्दमर्यादा पाळावी.

समारंभ रविवारी. साडेआठला पोहे, दहाला दीप.
रतलामची गाडी किती वाजता येते ते पाहून ठेवलं,
आणि शनिवारी संध्याकाळी उगीच
सभागृहावर चक्कर मारली.
बक्षीस देणाऱ्यांच्या खुर्च्या मंचावर लागल्या होत्या,
तोंडं लोकांकडे.
घेणारे, दिघे म्हणाले,
मागच्या पायऱ्यांनी वर येतील.